पाटी नको, खांब रोवा

ग्रामीण भागात सायकलमार्ग जाहीर करण्याची एक ठरलेली रीत आहे. नकाशावर नदी, टेकड्या आणि देखणी गावं शोधायची. त्यांच्यामधले छोटे रस्ते रंगीत रेघेने जोडायचे, प्रत्येक फाट्यावर सायकलचं चित्र असलेली पाटी ठोकायची आणि माहितीपत्रकात ‘निवांत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापायचा. उद्घाटन होतं, फोटो निघतात. या सगळ्यात त्या रस्त्यावरची एकही गाडी कमी होत नाही. काल ज्या अरुंद वळणावरून मोटारी ताशी ८० किलोमीटरने जात होत्या, त्या आजही तशाच जातात. फरक एवढाच की पाटीवर विश्वास ठेवून एखादं कुटुंब लहान मुलांना घेऊन आता तिथे पोचतं.

हे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकतं, याचा सर्वांत प्रामाणिक हिशोब ब्रिटनमध्ये मांडला गेला. तिथलं राष्ट्रीय सायकल जाळं सांभाळणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने २०१८ साली आपल्याच मार्गांची तपासणी करून निकाल जाहीर केला. २६ हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या जाळ्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग मोटारींपासून मुक्त होता आणि जवळपास निम्मा भाग ‘खराब’ किंवा ‘अतिशय खराब’ या वर्गात पडला. दोन वर्षांनी संस्थेने जवळजवळ पाव जाळं यादीतून काढून टाकलं किंवा त्याचा दर्जा बदलला. आपणच लावलेल्या पाट्या आपणच उतरवायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं. पण त्या पाट्या मुळात लावल्याच का गेल्या, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पाटी स्वस्त असते आणि रहदारी हटवण्यासाठी कुणाचा तरी रोष पत्करावा लागतो, हे त्याचं उत्तर.

ग्रामीण सायकलमार्गांसाठी सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल, तर त्यातला पहिला वाटा आडरस्त्यांवरून आरपार जाणारी मोटार रहदारी बंद करण्यावर गेला पाहिजे. नव्या मार्गाचं बांधकाम त्यानंतर आणि पाट्या सगळ्यांत शेवटी.

‘शांत’ म्हणजे किती शांत, हे आकड्यांत ठरवल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. त्यासाठी साधं गणित पुरतं. दोन्ही दिशांची रहदारी सारखी धरली, तर एखाद्या रस्त्यावरून दोन्हीकडे मिळून तासाला जितकी वाहनं जातात, बरोबर तितकीच वाहनं त्या तासात सायकलस्वाराच्या वाट्याला येतात. काही समोरून, काही मागून. सायकलचा वेग वाढवला तर मागून येणारी कमी होतात आणि समोरून येणारी तेवढीच वाढतात, बेरीज हलत नाही. दिवसाला १००० वाहनांचा रस्ता कागदावर बराच मोकळा वाटतो. इंग्लंडमध्ये ‘क्वाएट लेन’, म्हणजे शांत आडरस्ता, ठरवताना हीच मर्यादा धरण्याची रीत आहे. पण गर्दीच्या तासात दिवसाच्या साधारण १० टक्के रहदारी येते असं धरलं, तर तो झाला तासाला १०० वाहनांचा रस्ता, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक गाडी. सायकल ताशी २० आणि गाड्या ताशी ६० किलोमीटरने जात असतील, तर त्या १०० पैकी सुमारे ३३ गाड्या मागून येऊन ओलांडतात. दर दोन मिनिटांना एकदा पाठीमागून इंजिनाचा आवाज वाढत येतो आणि मान वळवावी लागते. याला निवांत म्हणणारा माणूस बहुधा मोटारीतून मार्ग पाहून गेलेला असतो. दिवसाला २०० वाहनं असतील तर त्याच तासात ओलांडणाऱ्या गाड्या ६-७ वर येतात. शेजारी-शेजारी गप्पा मारत सायकल चालवणं तेव्हा कुठे शक्य होतं. १००० ऐवजी ३०० च्या आत हा निकष धरावा, असं आमचं मत आहे. तो कडक आहे, पण आरपार रहदारी काढली तर गाठता येतो, कारण आडरस्त्यावरच्या गाड्यांत तिथल्या शेता-घरांशी संबंध असलेल्या गाड्या बहुतेक वेळा थोड्याच निघतात. बाकीच्या मुख्य रस्त्यावरचा सिग्नल किंवा कोंडी चुकवायला आत वळलेल्या असतात.

मोजणी मात्र नीट हवी. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्यांचं मोजयंत्र किमान ७ सलग दिवस ठेवावं, सुट्टीचे दिवस धरून आणि शाळा चालू असताना. वेगाची सरासरी बघू नये. १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा बघावा, कारण जीव घेणारा वेग सरासरीत दडून बसतो. नळ्या वळणावर किंवा फाट्याजवळ टाकल्या तर गाड्या तिथे आधीच हळू झालेल्या असतात आणि अहवालात रस्ता आहे त्यापेक्षा सज्जन दिसतो. ही चूक नेहमीची आहे. ती दर वेळी अजाणता होते, असंही नाही.

वेगाचा मुद्दा इथेच येतो. ताशी ८० ने जाणारी गाडी, चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर, कोरड्या रस्त्यावर थांबायला ५५ ते ६० मीटर घेते. ताशी ४० ला हेच अंतर २० मीटरच्या आसपास असतं. दोन्ही बाजूंना झाडी किंवा बांध असलेल्या वळणावर पुढचं ४० मीटर दिसलं तरी नशीब. म्हणजे ८० ने वळण घेणाऱ्याच्या वाटेत पुढे कुणी पडलेलं असेल, तर ब्रेक दाबूनही उपयोग नाही. आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सरसकट वेगमर्यादा ८० वरून ६० वर आणली. पाऊल योग्य दिशेने पडलं आहे, पण एकेरी पट्ट्याच्या आडरस्त्यावर ६० सुद्धा जास्त आहे. जर्सी बेटावरच्या ‘ग्रीन लेन्स’वर ती ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर आहे. तिथे गाड्यांना बंदी नाही, फक्त पायी चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांचा मान पहिला. २४ हा आकडा अनेकांना हास्यास्पद वाटतो. सायकलचा वेगही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे ओलांडण्याची गरजच संपते. आकडा ठरवताना हे ध्यानात घेतलेलं दिसतं.

रुंदीबद्दल तर बहुतेक योजना उलट्या बाजूने विचार करतात. ‘रस्ता अरुंद आहे, आधी रुंद करू, मग सायकलींसाठी सुरक्षित होईल’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. मोजून बघू. सायकलस्वार कडेपासून ७५ सेंटिमीटर आत चालतो, त्याच्या हँडलचं बाहेरचं टोक साधारण १.०५ मीटरवर येतं. ओलांडताना किमान १.५ मीटर अंतर सोडावं असा नियम फ्रान्स, स्पेन अशा देशांत वस्तीबाहेरच्या रस्त्यांसाठी आहे. आरशांसकट गाडी २ मीटर. बेरीज ४.५५. आता रस्ता ५.५ मीटर रुंद केला आणि समोरून दुसरी गाडी आली, तर ओलांडणाऱ्या गाडीने सोडलेली जागा उरते ४५ सेंटिमीटर. आणि ५.५ मीटर रस्त्यावर चालकाला वाटतं की आपण मावतो. ३ मीटरच्या रस्त्यावर तसं वाटूच शकत नाही. तो मागे थांबतो, पुढे कडेला जागा मिळाली की सायकलस्वार बाजूला होतो, एकमेकांना हात होतो आणि प्रकरण मिटतं. अरुंदपणा हाच त्या रस्त्याचा रखवालदार असतो. तो रुंद केला की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी गाड्या मुख्य रस्ता सोडून आत येतात, आणि मग सायकलसाठी वेगळी पट्टी हवी म्हणून पुन्हा भूसंपादन. रोग आपणच लावायचा आणि औषधाचं बिलही आपणच भरायचं.

रहदारी बंद करायची म्हणजे रस्ता बंद करायचा नाही. दोन मुख्य रस्त्यांच्या मधल्या भागात आडरस्त्यांचं जाळं असतं. त्यातल्या नेमक्या जागी एकेक अडथळा असा ठेवायचा की प्रत्येक घरापर्यंत, शेतापर्यंत, गोठ्यापर्यंत गाडी एका बाजूने पोचेल, पण एका मुख्य रस्त्यावरून आत शिरून दुसऱ्यावर बाहेर पडता येणार नाही. सायकल, पायी माणूस आणि घोडा मात्र आरपार जातील. चार-पाच खांबांत एवढं साधतं. पण एकच रस्ता अडवून थांबलं तर रहदारी शेजारच्या समांतर रस्त्यावर जाते. पाणी तोंड शोधतंच. मग शेजारचे लोक रास्त कारणासाठी चिडतात आणि सहा महिन्यांत खांब उपटला जातो. म्हणून मुख्य रस्त्यांनी वेढलेला सगळा भाग एका वेळी घ्यावा लागतो, निम्मा आता आणि निम्मा पुढच्या वर्षी असं चालत नाही.

ट्रॅक्टर आणि अग्निशमन गाडीचं काय, हा पहिला आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात यावर एक युक्ती वापरतात. दोन चाकपट्ट्यांच्या मधोमध काँक्रीटचा उंचवटा ठेवतात. ट्रॅक्टरचं पोट उंच असल्यामुळे तो वरून निघून जातो, मोटारीचं पोट घासतं, त्यामुळे मोटारवाला त्या वाटेला जात नाही. शेजारून सायकलला दीड मीटरची मोकळी वाट. बिघाडही ठरलेले आहेत. उंच बांधणीच्या मोटारी हल्ली इतक्या वाढल्या आहेत की त्यातल्या काही वरून जातात, आणि ट्रॅक्टरमागची बुटकी अवजारं व ट्रेलर अडकतात. त्यामुळे उंचवटा घालण्याआधी त्या शिवारातले शेतकरी कापणीच्या दिवसांत नेमकी कोणती यंत्रं ओढतात ते विचारावं लागतं. जिथे हे जमत नाही तिथे कुलपाचा खांब किंवा नंबरपाटी वाचणारा कॅमेरा. कुलपाच्या खांबाची किल्ली अग्निशमन केंद्रात खिळ्यावर टांगलेली असून चालत नाही, प्रत्येक गाडीत एक हवी आणि सगळ्या भागात एकच कुलूप हवं.

दुसरा आक्षेप रहिवाशांच्या लांबच्या फेऱ्याचा. कुणाला तरी रोज दोन-तीन किलोमीटर जास्त जावं लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तोच रहिवासी आज मुलाला तीन किलोमीटरवरच्या शाळेत मोटारीने सोडतो, कारण त्या रस्त्यावर सायकल चालवू द्यायला तो धजत नाही. तराजूच्या एका पारड्यात लांबचा फेरा ठेवायचा तर दुसऱ्यात ही रोजची ने-आण ठेवावीच लागेल. पर्यटकांच्या खर्चाचे अंदाज पुढे करून हे मार्ग विकले जातात, ते आम्हाला पटत नाही. पर्यटक वर्षातून चार दिवस येतो. रस्त्यासाठी भांडणारा माणूस तिथे राहणाराच असतो, आणि त्याला त्यातून काही मिळालं नाही तर तो खांबाच्या बाजूने उभा राहणार नाही.

कायद्याच्या बाजूने ‘इथलाच की आरपार जाणारा’ हा भेद नवा नाही. जर्मनीत फक्त तिथल्या कामासाठी येणाऱ्यांना मुभा देणाऱ्या पाट्या सर्रास दिसतात. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने २०१९ च्या उन्हाळ्यात इन्सब्रुकच्या आसपासच्या काही रस्त्यांवर शनिवार-रविवारी आरपार जाणाऱ्या मोटारींना बंदी केली, कारण महामार्गावर कोंडी झाली की मोबाइलवरची वाटाडी यंत्रणा सगळ्यांना गावातून घुसवत होती. ती यंत्रणा लाजेकाजेला जुमानत नाही, पण नोंदलेल्या बंदीला जुमानते. त्यामुळे खांब रोवला त्याच दिवशी बंदीची अधिकृत नोंद नकाशांपर्यंत पोचवली पाहिजे. नाहीतर पहिले काही महिने अनोळखी गाड्या खांबापर्यंत येऊन, शेतात चाकं घालून उलट्या वळतात आणि शेतकरी खांबालाच शिव्या देतो.

जर्मनीचंच आणखी एक उदाहरण. जमीन एकत्रीकरणाच्या काळात शेतांमध्ये यंत्रं नेण्यासाठी डांबरी किंवा काँक्रीटच्या एकेरी वाटा केल्या गेल्या. त्यांच्या तोंडाशी मोटारींना बंदी आहे, शेतीच्या वाहनांना आणि बहुतेक ठिकाणी सायकलला मुभा. आज कितीतरी लांब पल्ल्याचे सायकलमार्ग याच पाणंदींवरून जातात. सायकलसाठी वेगळं बांधकाम जवळजवळ नाही. त्रास एकच, कापणीच्या दिवसांत चाकांबरोबर आलेला चिखल. ओल्या डांबरावर चिकणमातीचा थर म्हणजे तेल सांडल्यासारखंच. चिखल ज्याने आणला त्याने काढावा, असा तिथला नियम आहे, पण संध्याकाळी अंधारात कोण काढणार? कापणीचे आठवडे आधी जाहीर करून तेवढ्यापुरता पर्यायी मार्ग दाखवणं हे दंडापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मग वेगळे मार्ग बांधूच नयेत का? बांधावेत, आणि त्यासाठी बंद पडलेल्या रेल्वेमार्गाइतकी चांगली जमीन दुसरी नाही. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ८००० किलोमीटरचे लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या काळात तिथला बराच वारसा विकला गेला, पूल पाडले गेले, सलगता तुटली. ब्रिस्टल ते बाथ हा मार्ग मात्र १९७९ ते १९८६ या काळात सायकलसाठी उभा राहिला. स्पेनने १९९३ पासून ‘व्हियास व्हेर्देस’ या नावाने हेच काम राष्ट्रीय पातळीवर हाती घेतलं. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल २००० साली पूर्ण झाला, तो १५० किलोमीटरचा आहे. वाफेच्या इंजिनांना तीव्र चढ झेपत नसत, म्हणून अशा मार्गांचा चढ सहसा ५० मीटरला १ मीटरच्या आत असतो. अवघड डोंगराळ मुलखातूनही सत्तरीतला माणूस साधी सायकल रेटत जातो, ते या जुन्या अभियंत्यांच्या कृपेने.

पण मोटारमुक्त मार्ग एकदा बांधला की संपलं, हा समज महागात पडतो. मोटारीच्या रस्त्यावर चाकांच्या वाऱ्याने काचा, खडे, काटे आपोआप कडेला उडतात. मोटारमुक्त मार्गावर जे पडतं ते तिथेच राहतं. पानगळीनंतर तीन आठवड्यांत पानांचा लगदा होतो आणि वळणावर सायकल घसरते. कुंपणाची काटेरी झुडपं छाटल्यावर मार्ग झाडला नाही तर एका दिवसात डझनभर चाकं बसतात. छाटणी करणारा ठेकेदार आणि झाडणारा ठेकेदार वेगवेगळे असतील तर हे हमखास होतं, म्हणून दोन्ही कामं एकाच कंत्राटात असावीत. भरावाखालच्या जुन्या मोऱ्या गाळाने तुंबल्या की पाणी मार्गावरून वाहतं आणि एका मुसळधार पावसात भराव खचतो. मोरी साफ करायला एक दिवस लागतो, भराव उभा करायला एक हंगाम. पॉपलरसारख्या झाडांची मुळं डांबर खालून उचलतात. वरून कितीही लेप दिले तरी मूळ पुन्हा वर येतं, कडेला उभा रोधक पडदा पुरल्याशिवाय सुटका नाही.

पृष्ठभागाबद्दलचा वाद जुना आहे. बारीक खडी आणि भुकटी दाबून केलेला मार्ग देखणा असतो, घोड्यांना बरा, निसर्गप्रेमींना मान्य. सपाटीवर तो टिकतोही, मधोमध थोडा उंच ठेवून दोन्हीकडे दोन-अडीच टक्के उतार दिला आणि बाजूची चारी साफ राहिली तर. पाच टक्क्यांच्या वर चढ गेला की पावसाचं पाणी त्यात उभे चर पाडतं. ओली भुकटी साखळीत आणि ब्रेकमध्ये शिरून कानशीसारखी घासते. २८ मिलिमीटरच्या टायरवाला मग मुकाट मुख्य रस्त्यावर परततो, आणि रोज कामावर जाणाराही. चढांवर, गावांच्या दोन किलोमीटर आसपास आणि शाळेकडे जाणाऱ्या तुकड्यांवर डांबर, बाकी ठिकाणी खडी, ही तडजोड आम्हाला रास्त वाटते.

मार्गाच्या तोंडाशी मोटारसायकली रोखायला जे लोखंडी चक्रव्यूह उभारतात, त्यांचं समर्थन करणं मात्र अवघड आहे. त्यातून धटिंगण मोटारसायकलवाला उचलून, वाकवून जातोच. अडकतात तीनचाकी, मुलांचा जोडगाडा, हाताने चालवायची अपंगांची सायकल. खांबांमध्ये १.५ मीटर मोकळी जागा, खांब मार्गाच्या मधोमध एकच किंवा विषम संख्येत, उंची एक मीटर, त्यावर परावर्तक पट्टी आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर आठ-दहा मीटर आधीपासून रंगाची खूण. ही खूण विसरली तर रांगेत मागे असलेल्याला खांब दिसतच नाही. पुढचा चुकवतो, मागचा धडकतो.

आता पाट्या. त्या शेवटी लावाव्यात, पण लावायच्या तर बेल्जियन पद्धतीने. लिंबुर्ग प्रांतात १९९५ साली ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याच्या कल्पनेतून क्रमांकित फाट्यांचं जाळं सुरू झालं. प्रत्येक फाट्याला एक आकडा, आणि तिथे शेजारच्या फाट्यांचे आकडे बाणासकट. घरून निघताना २४, ३१, ३८, २५ असं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतलं की दिवसभर नकाशा उघडावा लागत नाही. वारा उलटा निघाला तर अर्ध्यातून बेत बदलता येतो. पण या जाळ्याचा भरवसा आकड्यांवर नसतो, दोन आकड्यांमधल्या रस्त्यावर असतो. त्यातला एक तुकडा जरी भरधाव रस्त्यावरून जात असला तर आकडा फसवतो.

आणि असा तुकडा जवळजवळ प्रत्येक मार्गात असतो. चाळीस किलोमीटर निवांत आणि मध्ये ८०० मीटर हमरस्ता, कारण नदीवर पूल तिथेच आहे, किंवा दोन आडरस्त्यांची तोंडं समोरासमोर नाहीत. नकाशावर तो दोन टक्के दिसतो. बारा वर्षांच्या मुलाच्या आईला तोच शंभर टक्के दिसतो, आणि तिचं गणित बरोबर असतं. हाती पैसा थोडा असेल तर आरंभ त्याच ८०० मीटरपासून करावा. पुलाला कडेने जोडलेली तीन मीटरची वेगळी वाट, किंवा हमरस्त्याच्या मधोमध तीन मीटर रुंद सुरक्षित थांबा, म्हणजे ट्रेलर लावलेली सायकलही त्यात मावेल आणि एका वेळी एकाच दिशेची रहदारी बघून ओलांडता येईल. दोन मीटरचा थांबा करून ठेकेदार मोकळा होतो, तेव्हा सायकलचं मागचं चाक आणि त्यामागच्या गाड्यात बसलेलं मूल हमरस्त्यावरच राहतं.